१९०९ सालचा व्हिडिओ कॉल आणि रोबो नावाचा वेठबिगार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन पुन्हा एकदा रिक्षात राहिलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी जिथं जिथं अडखळलो, पाणी प्यायलो, विषय सोडून भटकलो, त्यातलं बरंचसं गाळलंय. सगळं नाही.

मागच्या भागात आपण एआयबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी साधारण एकच प्रश्न विचारला. हे सगळं होणार असं कुणी आधी लिहून ठेवलं होतं का? एखादी कादंबरी, एखादी गोष्ट, जिच्यात आजचं जग जसंच्या तसं सापडेल?

सापडतं. पण मला वाटतं आपण असल्या गोष्टी थोड्या चुकीच्या चष्म्यातून वाचतो. लेखकाने काय काय ‘ओळखलं’ याची यादी करायची आणि टाळ्या वाजवायच्या, म्हणजे तो जणू पंचांग बघणारा ज्योतिषी. खरं तर तंत्रज्ञानाच्या चांगल्या गोष्टीत यंत्र हे निमित्त असतं. लेखक जगातली एकच गोष्ट बदलतो आणि माणसं मात्र आपल्यासारखीच ठेवतो. तशीच आळशी, तशीच प्रेमळ, तशीच भित्री. मग तो बघत बसतो की आता यांचं काय होतं. आज मी दोनच गोष्टींवर निवांत बोलणार आहे. बाकीच्यांचा ओझरता उल्लेख होईल.

षटकोनी खोलीतली आई

पहिली गोष्ट आहे इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांची, ‘द मशीन स्टॉप्स’. मराठीत म्हणायचं तर ‘यंत्र थांबतं’. ही १९०९ साली छापून आली. त्या वर्षाचा जरा अंदाज घ्या. रेडिओवर कार्यक्रम सुरू व्हायला अजून दहा-अकरा वर्षं होती. टीव्ही नव्हता. त्याच वर्षी ब्लेरिओ नावाच्या फ्रेंच माणसाने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली आणि सगळ्या युरोपात त्याचा गाजावाजा झाला. एच. जी. वेल्ससारखे लेखक यंत्रांनी बनलेल्या सुंदर भविष्याची चित्रं रंगवत होते. फॉर्स्टरने ही कथा लिहिली ती वेल्सच्या अशाच एका स्वर्गाला उत्तर म्हणून, आणि हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय.

गोष्टीतली माणसं जमिनीखाली राहतात. प्रत्येकाला मधमाशीच्या पोळ्यातल्या घरासारखी एक षटकोनी खोली. खोलीत एक आरामखुर्ची, एक टेबल आणि भिंतीवर बटणंच बटणं. जेवणाचं बटण, गरम पाण्याचं बटण, कपड्यांचं बटण, संगीताचं बटण, आणि अर्थातच लोकांशी बोलायचं बटण. हे सगळं चालवतं ‘यंत्र’. पृथ्वीभर पसरलेलं एकच यंत्र.

वाश्ती नावाची बाई अशा एका खोलीत बसलेली आहे. तिचा मुलगा कूनो राहतो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. त्याचा कॉल येतो. हातातली गोल तबकडी निळसर उजळते आणि त्यात त्याचा चेहरा दिसतो. ती त्याला पाच मिनिटं देते, कारण नंतर तिचं व्याख्यान आहे. व्याख्यान म्हणजे ती तिच्या खोलीतून बोलणार आणि ऐकणारे आपापल्या खोलीतून ऐकणार. काम ओळखीचं वाटतंय ना? मी आत्ता तेच करतोय.

वाश्तीची ओळख हजारो लोकांशी आहे. मुलाशी बोलण्यासाठी ती बाकी सगळं तीन मिनिटं बंद करते, आणि पुन्हा चालू करताच तुंबलेल्या घंटा एकदम वाजायला लागतात. जेवण कसं होतं, सुचवाल का काही, नवीन काही कल्पना सुचली का, अमक्या दिवशी याल का. ‘एअरप्लेन मोड’ काढल्यावर जे होतं तेच. फक्त त्या वेळी एअरप्लेनच धड उडत नव्हतं.

तर कूनो आईला म्हणतो, मला तुला प्रत्यक्ष भेटायचंय. आईला कळतच नाही. आत्ता तर तू मला बघतोयस! तो म्हणतो, मी तबकडीत तुझ्यासारखं काहीतरी बघतोय, पण ती तू नव्हेस. इथं फॉर्स्टर एक बारीक निरीक्षण नोंदवतो. यंत्र चेहरा पोचवतं, पण चेहऱ्यावरच्या सूक्ष्म छटा पोचवत नाही. द्राक्षावर जी पांढरट लव असते, ती नकली द्राक्ष बनवताना जशी सोडून देतात, तसं. कामापुरतं बरं असलं की लोकांना चालतं.

माझी आई व्हिडिओ कॉलवर फोन असा धरते की मला तिचं अर्धं कपाळ आणि पूर्ण पंखा दिसतो. रोज बोलतो आम्ही. जेवलास का, झोपलास का, सगळं विचारून होतं. तरी मी गावी गेलो की दार उघडल्या उघडल्या पहिलं वाक्य काय? “किती वाळलायस रे!” अहो, काल रात्रीच तर बघितलं होतं तिने मला, अर्धा तास. पण कॅमेऱ्यातून ‘वाळलेला’ मुलगा दिसला नव्हता. ती लव म्हणजे हीच.

फॉर्स्टर तंत्रज्ञानाचा द्वेष करणारा म्हातारा होता असं मात्र समजू नका. कथा लिहिली तेव्हा तो तिशीतला होता. आणि हो, त्याचा आपल्याशी एक संबंध आहे. १९२१ साली तो माळव्यातल्या देवास संस्थानात, म्हणजे पवारांच्या मराठा दरबारात, महाराजांचा खासगी सचिव म्हणून काही महिने राहिला होता. त्या दिवसांवर त्याचं एक स्वतंत्र पुस्तकही आहे. असो, परत गोष्टीकडे.

हिमालय दिसतो, पण सुचत काही नाही

शेवटी वाश्ती मुलाला भेटायला निघते. प्रवास हवाई जहाजाचा. खिडकीतून हिमालय दिसतो. ती बघते, यात काही ‘कल्पना’ नाही असं ठरवते आणि पडदा ओढून घेते. मला या प्रसंगाचं हसू येतं आणि मग ते हसू थांबतं, कारण मी स्वतः लोणावळ्याच्या घाटात पावसाळ्यात मान खाली घालून स्क्रोल करणारी अख्खी बस बघितलीय.

याच प्रवासात वाश्तीचा तोल जातो आणि जहाजावरची सेविका तिला पडू नये म्हणून धरते. वाश्ती भडकते. अंगाला हात लावलात? आणि ती सेविका चक्क माफी मागते. तुम्हाला पडू दिलं नाही याबद्दल! त्या समाजात एकमेकांना स्पर्श करणं हा असभ्यपणा झालेला आहे. कुणी कायदा केलेला नाही. गरज उरली नाही म्हणून सवय गेली, आणि सवय गेल्यावर किळस आली. मला सगळ्या गोष्टीतला हा सर्वांत भीतिदायक प्रसंग वाटतो. शेवटी जो विध्वंस आहे त्यापेक्षाही.

कूनोची बंडखोरी अगदी साधी आहे. तो खोलीच्या बाहेर येऊन रेल्वेच्या फलाटावर चालतो. दमेपर्यंत. पुढे जातो, मागे येतो. असं करून करून त्याला ‘जवळ’ आणि ‘लांब’ या शब्दांचे अर्थ परत सापडतात. जिथं पायाने पटकन पोचता येतं ते जवळ. जिथं यंत्र पटकन पोचवतं ते जवळ नव्हे. मग तो जुन्या हवेच्या बोगद्यातून वर चढून जमिनीवर पोचतो. गवत, टेकड्या, आकाश बघतो. यंत्राच्या दुरुस्तीचे लांबलचक अळीसारखे हात त्याला ओढून परत खाली नेतात.

यानंतर समाजात दोन बदल होतात. एक, जमिनीवर जाताना लागणारे श्वासाचे मुखवटे बंद केले जातात. आणि लोकांना ते बरंच वाटतं. वर जाऊन बघण्याची गरजच काय? तिथं आधी जाऊन आलेल्यांची वर्णनं आहेत की. त्यांचे विचारवंत सांगू लागतात की प्रत्यक्ष अनुभवातून आलेल्या कल्पना कच्च्या असतात. दुसऱ्याने सांगितलेलं बरं, दहाव्या हाताने आलेलं तर उत्तमच. म्हणजे एखाद्या घटनेबद्दल कुणाला काय वाटलं, त्याच्यावर आणखी कुणाला काय वाटलं, अशी दहा गाळणी लावून आलेलं ज्ञान. पुस्तकाचा सारांश, सारांशावरचा व्हिडिओ, त्या व्हिडिओवरची रील, रीलवरची प्रतिक्रिया... आणि एका कथेवर बोलणारा पॉडकास्टचा ब्लॉग. हो, मलाही दिसतंय ते.

दुसरा बदल म्हणजे लोक यंत्राची भक्ती करू लागतात. यंत्र वापरायचं पुस्तक, आपल्याकडे वॉशिंग मशीनबरोबर येतं तसं, ते हातात घेऊन जप करतात.

आणि मग यंत्र बिघडायला लागतं. एकदम नाही. आधी संगीतात मधेच घरघर. लोक तक्रार करतात. समिती म्हणते, नोंद घेतली आहे. काही दिवसांनी लोकांना घरघरीची सवय होते, गाण्याचाच भाग वाटायला लागते. मग कृत्रिम फळांना बुरशी येते. आंघोळीच्या पाण्याला वास येतो. प्रत्येक वेळी तेच. आधी ओरड, मग सवय. शेवटी कळतं की दुरुस्ती करणारं यंत्रच नादुरुस्त आहे, आणि ते दुरुस्त कसं करायचं हे कुणालाच माहीत नाही. प्रत्येकाला आपापल्या छोट्या भागाचं ज्ञान होतं. सगळं यंत्र समजणारा एकही माणूस उरलेला नव्हता.

शेवट मी पूर्ण सांगत नाही. एवढंच सांगतो की एक दिवस यंत्राची सततची गुणगुण थांबते, आणि त्या शांततेनेच असंख्य लोक मरतात. आयुष्यात कधी शांतता ऐकलीच नव्हती त्यांनी. आणि आई-मुलाची शेवटी काळोखात गाठ पडते, तबकडीशिवाय.

काही जण म्हणतात की हे अतिशयोक्त आहे. फोन काढून घेतला म्हणून कुणी मरतं का? बरोबर आहे, कुणी मरत नाही. शिवाय फॉर्स्टरचं एक मला पटत नाही. तो दुरून झालेल्या संवादाला सरसकट नकली ठरवतो. परदेशी नोकरीला असलेल्या मुलाचा चेहरा रोज बघायला मिळणं ही आई-बापांसाठी खरी गोष्ट असते, नकली द्राक्ष नव्हे. पण वाश्तीचा दोष तबकडी वापरणं हा नाहीच. तबकडी असल्यामुळे भेटायची इच्छाच संपली, हा आहे. या दोन्हीत फरक आहे आणि कथा नीट वाचली तर तो दिसतो.

रोबो म्हणजे कोण?

आता दुसरी गोष्ट, खरं तर नाटक. चेक लेखक कारेल चापेक यांचं ‘आर. यू. आर.’. १९२० साली प्रकाशित झालं, २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागमध्ये रंगमंचावर आलं. ‘रोबो’ हा शब्द जगाला दिला तो याच नाटकाने. चापेकला आपल्या कृत्रिम कामगारांसाठी नाव सुचत नव्हतं. त्याचा भाऊ योसेफ चित्रकार होता, त्याने हा शब्द सुचवला. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे सक्तीचं काम, जमीनदारासाठी कुळांना फुकट करावी लागणारी मेहनत.

मराठीत याला नेमका शब्द आहे. वेठ. आपण रोबोला ‘यंत्रमानव’ म्हणतो, पण मूळ अर्थाने त्याला वेठबिगार म्हणायला हवं होतं. ‘यंत्रमानव’ म्हटलं की डोळ्यांपुढे लोखंडी डबा आणि लुकलुकणारे डोळे येतात. चापेकचे रोबो लोखंडाचे नव्हतेच मुळी. ते रसायनांतून बनवलेल्या मांसाचे, दिसायला हुबेहूब माणसासारखे होते. कारखान्यात हौदांमध्ये तयार होणारे. माणसातलं जे जे कामाला उपयोगी नाही ते काढून टाकलेलं. आनंद, दुःख, पेटी वाजवावीशी वाटणं, सगळं वजा. उरतो तो स्वस्त मजूर.

कारखान्याचा संचालक मोठी स्वप्नं बघतो. माणसाला कष्टातून सोडवायचं, कुणालाच पोटासाठी राबावं लागू नये. त्याचं मन साफ आहे, आणि नाटकाची गंमत हीच की यात खलनायक शोधून सापडत नाही. मात्र भागधारकांना नफा हवाय. ऑर्डरी वाढतायत. सरकारांना सैनिक म्हणून रोबो हवेत. थांबायला हवं हे कळेपर्यंत थांबणं कुणाच्याच हातात राहत नाही. जगात मुलं जन्माला येणं बंद होतं. काम उरलं नाही, त्याबरोबर आणखी काहीतरी गेलं. मग रोबो उठाव करतात आणि माणसं मारतात. फक्त एका म्हाताऱ्याला जिवंत ठेवतात, अल्क्विस्ट नावाच्या बांधकामवाल्याला. कारण काय, तर तो त्यांच्यासारखाच हाताने काम करतो.

नाटकात एक छोटी गोष्ट आहे तिच्याकडे लक्ष द्या. कधीकधी एखादा रोबो अचानक काम थांबवतो, हातातलं टाकून देतो, दात खातो. कारखान्याच्या मते हा बिघाड आहे, अशा रोबोला मोडीत काढायचं. हेलेना नावाची तरुणी म्हणते, हा आत्मा असेल. एकाच घटनेला दोन नावं. कुठलं नाव द्यायचं हे ज्याच्या हातात कारखाना आहे तो ठरवतो.

इथं मी एआयच्या हक्कांबद्दल बोलत नाहीये. मला आठवतो तो दहा मिनिटांत किराणा आणून देणारा मुलगा. आपल्या स्क्रीनवर तो एक इवलीशी दुचाकी असतो, नकाशावर सरकणारी. दुचाकी सिग्नलला थांबली की आपल्याला वाटतं अ‍ॅप अडकलं. बिघाड! पाऊस पडत असेल, चेन तुटली असेल, माणूस दमला असेल, हे आपल्या डोक्यात दुसऱ्या क्रमांकाला येतं. शंभर वर्षांपूर्वीचं नाटक माणसासारख्या यंत्रांबद्दल आहे असं आपण म्हणतो. मला ते यंत्रासारखं वागवल्या जाणाऱ्या माणसांबद्दलच वाटतं, आणि शब्दाचं मूळ माझ्या बाजूने आहे.

आणि बाकीच्या

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’बद्दल (१८१८) एवढंच सांगतो की फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नाही, त्याला बनवणाऱ्याचं आहे. बिचाऱ्या राक्षसाला नावच नाही. त्याला जन्म देऊन पळून गेलेल्या माणसाची ती गोष्ट आहे. एखादं अ‍ॅप बाजारात सोडून ‘लोक कसं वापरतील ते आमच्या हातात नाही’ म्हणणाऱ्यांनी जरूर वाचावी.

काझुओ इशिगुरो यांची ‘क्लारा अँड द सन’ २०२१ची आहे. क्लारा ही मुलांना सोबत म्हणून विकत मिळणारी कृत्रिम मैत्रीण, आणि सगळी कादंबरी तीच सांगते. जिच्यासाठी तिला आणलंय ती मुलगी आजारी आहे. मुलीच्या आईच्या मनात एक भयंकर विचार आहे. मुलगी गेली तर क्लाराने तिची जागा घ्यावी, तिचं चालणं, बोलणं, हसणं सगळं शिकून. गेलेल्या माणसाचे मेसेज घालून त्याच्यासारखं बोलणारा चॅटबॉट बनवणं आज शक्य आहे, त्यामुळे हे वाचताना अंगावर काटा येतो. क्लारा शेवटी ज्या निष्कर्षाला येते तो साधा आहे. त्या मुलीत जे खास होतं ते तिच्या आत नव्हतंच, तिच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या आत होतं. तिथं ती कितीही शिकली तरी पोचली नसती.

मराठीचं काय? मराठीत या वाटेवर जयंत नारळीकर आहेत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती खोट्या नावाने, नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. ही अद्याक्षरं उलटी करून बघा. एवढा मोठा शास्त्रज्ञ म्हणून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये, यासाठी हा खटाटोप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी शाळेतल्या धड्याची आठवण काढली, पण आपल्या विषयासाठी वाचायची ती त्यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी.

जमिनीत खोल गाडलेली एक पेटी सापडते. आपल्या कितीतरी आधी होऊन गेलेल्या, आपल्यापेक्षा पुढारलेल्या संस्कृतीने ठेवलेली. त्यात जे ज्ञान आहे त्यावरून शास्त्रज्ञ एक यंत्रमानव बनवतात, त्याचं नाव वामन. हुशार, कष्टाळू, नम्र. आणि त्याला हवं असतं ते एकच, आपल्यासारखे आणखी बनवण्याची क्षमता. बळीची गोष्ट ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला नावातच सगळं कळतं. बटू फक्त तीन पावलं जमीन मागतो. मागणी लहान, मागणारा त्याहून लहान, आणि दानशूर राजाला ‘नाही’ म्हणणं शोभत नाही. ‘फक्त लोकेशनची परवानगी द्या’, ‘फक्त कॉन्टॅक्ट बघू द्या’ असं अ‍ॅप विचारतं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हल्ली छत्री घेतलेला बटू उभा राहतो. जी पेटी सापडली ती ठेवणारे लोक कुठे गेले, हा प्रश्न कादंबरीतल्या शास्त्रज्ञांना जरा उशिरा पडतो.

कुठून सुरुवात करू, असं विचाराल तर फॉर्स्टरपासून करा. तीनच भाग आहेत, एका लांबच्या प्रवासात वाचून होतात. खिडकीची जागा मिळाली तर मधेमधे बाहेरही बघा. चापेकचं नाटक दोघातिघांनी मिळून मोठ्याने वाचा, त्यात विनोद बराच आहे आणि एकट्याने वाचताना तो निसटतो. ‘वामन’ गावातल्या वाचनालयात विचारून बघा.

पुढच्या भागात एक चित्रपट घेणार आहे, कुठला ते अजून ठरलेलं नाही. तुमच्या डोक्यात असेल तर कळवा.